अडतीस

पहिल्या वेळी मी न्हाऊन गेले होते.
मोतिया साडी, नणंदेच्या साखरपुड्यातली,
पदर दातांत धरून, डाव्या हाताने,
पाऊण तास घालवून अशा निऱ्या काढल्या
की बघणाऱ्याला काही कळू नये.

सिव्हिल हॉस्पिटलात बुधवारचा बोर्ड.
डॉक्टर म्हणाले, मूठ वळा.
मी वळली.
परक्या माणसापुढे रडकं तोंड कशाला,
म्हणून सगळा जीव मनगटात आणून वळली.
दोन बोटं रबाळ्याच्या प्रेसमध्येच राहिली,
शिवलेली दोन आतल्या आत ओरडली,
मी हसले.
डॉक्टर म्हणाले, छान.
कागदावर अडतीस टक्के आले.

पेन्शन चाळीसपासून.

दहावीला गणितात मला अडतीसच होते.
आई दिघ्याच्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटत फिरली होती.

ठेकेदार म्हणाला, हजेरीत तुझं नावच नाही.
तहसीलचं पत्र आलं, त्यात नाव होतं,
पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, बिनचूक:
कुंदा भिकाजी ठोसर. नामंजूर.
ते मी डब्यात ठेवलं, रेशनकार्डाखाली,
आणि वर्षभर डबा उघडताना
रेशनकार्ड तेवढं उचलायची.

बसमध्ये खिडकीवर लिहिलेलं असतं, दिव्यांगांसाठी.
अडतीसवाल्यांनी बसावं की उभं राहावं
ते लिहिलेलं नसतं.
मी दांडा धरून सीटच्या शेजारी उभी राहते,
कळवा नाका येईपर्यंत.

झेरॉक्सवाली निलोफर म्हणाली,
तुझी केस कमी नाही पडली, तू जास्त पडलीस.
अगं, तिकडे काय मुलगी दाखवायला गेली होतीस?
परत अर्ज कर. सकाळी उठल्यावर असतेस तशी जा.
आणि काय काय जमत नाही ते लिहून ने,
आयत्या वेळी तुझी जीभ सभ्य होते.

लिहायला तनिष्का बसली, माझी सातवीतली.
चौकटीची वही, जुन्या गणिताची.
मी सांगत गेले, दुसऱ्याच कुणाची तक्रार सांगावी तसं.
ब्लाउजची हुकं. बाटलीचं झाकण.
पोळी लाटते, पण ती नकाशासारखी होते, लिही.
सुटे पैसे पडतात. सही दर वेळी वेगळी येते,
बँकेत म्हणतात ही तुमची नाही.
गरम तवा कळत नाही, वास आल्यावर कळतो.
(हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.
तिने मान वर केली नाही. लिहिलं.)

मग पेन तसंच धरून म्हणाली, आणि वेणी.
म्हटलं, वेणी जमते की मला. रोज घालते तुझी.
ती वहीच्या चौकटी मोजत राहिली.
मग म्हणाली, बसस्टॉपच्या मागे
मी सोडून परत घालते, आई.
पहिलीपासून नाही. चौथीपासून.

बाहेर कुणीतरी पाण्याची मोटर लावली.
बऱ्याच वेळाने मी म्हटलं, क्रमांक सात. लिही.

पुन्हा बुधवार.
साडी घरातली, निऱ्या जशा आल्या तशा,
एक खांदा नीट, एक सुटलेला.
बाकावर शेजारी एक म्हातारे काठी पायाशी लपवून बसले होते,
नाव पुकारलं तेव्हा तशीच विसरून आत चालले.
मी हाक मारली. काका, काठी.
घेऊन जा आत.

मग माझं नाव. डॉक्टर दुसरे होते.
वही त्यांनी उघडली, पान उलटलं, चष्मा वर केला.
म्हणाले, मूठ वळा.

इतक्या वर्षांची सवय मनगटापर्यंत आलीच.
तिला तिथेच थांबवलं.
हात टेबलावर ठेवला, जेवढा वळला तेवढा.
सनमायका गार होता.
फक्त अंगठ्याने सांगितलं.